सुक्या मासळीचं पाणी

माझं सुक्या मासळीचं पाकीट कचऱ्याच्या लाल झाकणाच्या बिनवर ठेवलेलं होतं. बिनमध्ये नाही, बिनवर. दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून, गाठ मारून, वरून रबरबँड लावून. आत टाकलं असतं तर सरळ भांडता आलं असतं, कोणी टाकलं गं माझं, म्हणून घर डोक्यावर घेता आलं असतं. पण वर ठेवणं म्हणजे कसं, आम्ही काही तुझी वस्तू फेकली नाही हं चारुता, फक्त तिची जागा दाखवली. शुभदाचं सगळं असंच. आवाज चढवायचा नाही, शिवी द्यायची नाही, गोड बोलून समोरच्याला उंबऱ्याबाहेर ठेवायचं. मी वृद्धाश्रमातली सकाळची शिफ्ट करून आले होते, पाय ठणकत होते, हाताला अजून त्या निळ्या ग्लव्ह्जचा वास होता. ते पाकीट उचललं आणि मागच्या पायरीवर बसले. आत जायचंच नाही असं वाटलं. मग वाटलं, का नाही? भाडं मीही देते. पण उठले नाही. पाकीट मांडीवर घेऊन तशीच बसले, आणि खरं सांगते, मला रडू नाही आलं. मला भयंकर राग आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा धड आला.

२००८ साल. ऑस्ट्रेलियातल्या वॉलॉंगॉंगमध्ये त्या वर्षी इतकी पोरं शिकायला आली होती की रिकामी खोली मिळणं म्हणजे लॉटरी. लोक गॅरेजमध्ये राहत होते, हॉलमध्ये पडदा लावून राहत होते. आम्ही तिघी मात्र स्टेशनच्या वरच्या अंगाला अख्ख्या घरात, कारण शुभदा सहा महिने आधी आली होती आणि लीज तिच्या नावावर होती. शुभदा पुण्याची, अकाउंटिंगची, शिस्तीची. मेधा नाशिकची, तिला जगात कोणाशीच वाईट व्हायचं नसतं, त्यामुळे तिचं मत कधी कळत नाही. आणि मी वेंगुर्ल्याची. घराचे नियम शुभदानं पहिल्याच दिवशी चहा पाजून सांगितले होते. पाळीपाळीनं स्वयंपाक, शूज बाहेर, आणि किचनमध्ये नॉनव्हेज नाही. "बाहेर काय हवं ते खा गं, मी काही जुन्या विचारांची नाही. फक्त घरात वास नको." मी हो म्हटलं. हो म्हणायची मला सवयच होती. पुण्याच्या हॉस्टेलात म्हटलं होतं, नंतर कोथरूडच्या पेइंग गेस्टमध्ये म्हटलं होतं. तिथल्या काकूंनी सुट्टीहून परत आल्यावर माझी बॅगच हुंगली होती. आईनं सोडे, म्हणजे सुकी कोळंबी, दिले होते, वर्तमानपत्रात, मग कापडात, मग डब्यात, तरी काकूंना कळले. मी ते सोडे रस्त्यावरच्या मांजरीला घातले आणि वर उदबत्ती लावली. एकोणीस वर्षांची होते. आपल्याच घरच्या वासावर आपणच उदबत्ती लावायची, हे मी इतकं सहज शिकले की ते शिकणं होतं हेही कळलं नाही. पोर्ट केंबलाकडून वारा सुटला की ह्या आमच्या घरात कारखान्याचा जळका वास भरतो, पडद्यांत बसतो, वाळत घातलेल्या कुर्त्यांत बसतो. त्याला आजवर कोणी वास म्हटलेलं नाही. तेव्हा उदबत्ती लागत नाही. मेधा फार तर म्हणते, आज वारा तिकडचा आहे वाटतं.

ह्या पाकिटाची गोष्ट तशी साधी आहे. आम्ही तिघी दर शुक्रवारी युनीवरून येताना मॉलच्या फूडकोर्टात जपानी काउंटरवर जेवायचो. शुभदाला तिथलं मिसो सूप फार आवडायचं. टोफूचे तुकडे, कांद्याची पात, काळंभोर शेवाळ, बस. "बघ ना, किती हलकं आहे. किती क्लीन. आपल्याकडे असं का नाही करत?" ती दोन्ही हातांनी वाटी धरून डोळे मिटून प्यायची. मला ते सूप आवडायचं त्याहून जास्त ते प्यायल्यावर जी ओढ लागायची ती छळायची. कसली ते कळायचं नाही. घरी येऊन भात-वरण जेवले तरी जिभेच्या मागे काहीतरी राहिलेलं असायचं. मग लायब्ररीत असाइनमेंट करायच्या ऐवजी मी एका जपानी बाईचा ब्लॉग वाचत बसायला लागले. कुठल्याशा अमेरिकन गावात राहणारी बाई, तोडक्यामोडक्या इंग्लिशमध्ये लिहिणारी, पण ठाम. ती लिहायची की जपानी स्वयंपाकाची सुरुवात दाशीपासून, म्हणजे एका पाण्यापासून. ते पाणी चांगलं असेल तर वर काहीही घाला. मला हे फार पटलं, कारण माझी आईही पेजेचं पाणी फेकू द्यायची नाही. दाशी कशाची करायची ह्यावर बाईनं लांबलचक लिहिलं होतं. पावडरीची बाटली मिळते ती घाईवाल्यांसाठी, तिला मीठ जास्त आणि मन कमी. धुरावलेल्या मासळीचे कागदासारखे पातळ कीस मिळतात ते पाहुण्यारावळ्यांसाठी, हॉटेलांसाठी. कोंबू नावाचं वाळवलेलं समुद्री शेवाळ मिळतं, ते मासे न खाणाऱ्यांसाठी आणि देवळातल्या जेवणासाठी. आणि शेवटी वाळवलेली बारीक मासळी. ती म्हणाली, ही आमच्या आयांची दाशी. रोजच्या घरातली. काही लोकांना हिचा वास जास्त वाटतो. मला वाटत नाही. एवढंच. पुढे काही खुलासा नाही, माफी नाही. मी ती दोन वाक्यं पुन्हा पुन्हा वाचली. बाई गं, म्हटलं, तुझ्या तोंडात साखर पडो.

क्राउन स्ट्रीटवरच्या आशियाई दुकानात मी भीतभीत सुरुवात कोंबूपासूनच केली, नियमातली गोष्ट म्हणून. घरी आणून बघते तर त्या हिरव्याकाळ्या पट्ट्यांवर पांढरी भुकटी. मला वाटलं बुरशी आली, फसवलं दुकानदारानं. नळाखाली धरून घासघासून धुतलं, अगदी पालक धुतात तसं, आणि मग आपल्या रीतीनं खळखळून उकळलं, कच्चा वास जाईस्तोवर. आपल्याकडे कुठलीही गोष्ट उकळली नाही की आपल्याला ती शिजली असं वाटतच नाही. जे झालं ते भेंडीच्या पाण्यासारखं बुळबुळीत आणि कडवट. मेधा म्हणाली, छान आहे. मग ब्लॉगवरच्या बाईनं सांगितलं की ती पांढरी भुकटी म्हणजेच चव, तिला हात लावू नका, ओल्या फडक्यानं जेमतेम पुसा, आणि पाण्याला उकळी यायच्या आत पट्टी बाहेर. म्हणजे मी नेमकी चवच घासून गटारात सोडली होती. मला हसू आलं आणि हसता हसता बरं नाही वाटलं. मी आणखी काय काय असं घासून टाकलंय, असं मनात आलं. माझं बोलणं घासलंच की. 'माका', 'तुका' पुण्यात पहिल्याच वर्षी गेलं. आईचा फोन आला की मी हॉलमधून उठून बाहेर जाऊन बोलते, अजूनही.

दुसऱ्या खेपेला मी त्या बारीक मासळीचं पाकीट घेतलं. दुकानात हातात धरलं तेव्हाच पारदर्शक प्लास्टिकमधून ती चंदेरी वाकडी अंगं दिसली, आमच्या सुक्या पेडव्यांची धाकटी भावंडं, आणि माझ्या तोंडून मोठ्यानं "अगो बाय!" निघालं. काउंटरवरची मुलगी दचकली. बाईनं लिहिलं होतं की डोकं आणि पोटातला काळा भाग काढायचा, नाहीतर पाणी कडू होतं, आणि हे पहिल्यांदा करताना बोटांना जमत नाही, धीर धरा. मला धीर धरावा लागला नाही. अंगठ्याचं नख मानेखाली, एक चिमट, डोकं वेगळं, पोट आपोआप उलगडतं. मे महिन्यात आमच्या गच्चीवर पावसाळ्याची बेगमी वाळायची, कावळे हाकलायला मी काठी घेऊन बसायची, आणि दुपारी आई मांडीवर पाखडायचं सूप घेऊन हेच करत बसायची, बोलता बोलता, बघायचं सुद्धा नाही हाताकडे. मी त्या दिवशी मागच्या पायरीवर हेच केलं, आणि माझ्या हातांनी मला विचारलंही नाही. शुभदा आणि मेधा ट्रेननं सिडनीला गेल्या होत्या. रविवार होता. मासळी थंड पाण्यात भिजवली, मंद आचेवर ठेवली, उकळू दिली नाही, गाळली. आणि ते नुसतं, बिनमिठाचं, पिवळसर पाणी एक घोट प्यायले तेव्हा दोन गोष्टी एकदम झाल्या. एक, मी गच्चीवर होते. दुसरी, ही चव मला चांगली ओळखीची होती, गच्चीवरून नाही, फूडकोर्टातून. शुक्रवारच्या त्या हलक्या, त्या क्लीन सुपाच्या तळाशी हेच होतं. मासळी वेगळी असेल, कीस असेल, पण मासळीच. टोफू आणि पात वर तरंगत होती म्हणून आम्ही तिघींनी त्याला व्हेज म्हटलं होतं. त्या बिचाऱ्या काउंटरवाल्यांनी कधीच म्हटलं नव्हतं.

म्हणजे मला रविवारपासून ठाऊक होतं. आणि आज बुधवार, आणि पाकीट बिनवर. मी पायरीवर बसलेली असताना मागचं दार उघडलं आणि शुभदा आली. हातात चहाचे दोन कप. हे तिचं हत्यार.

"चिडलीस?" तिनं विचारलं.

"पाकीट कोणी ठेवलं इथे?"

"मीच. हे बघ चारुता, तू पुढच्या शेल्फवर ठेवलं होतंस, माझ्या पोह्यांच्या शेजारी. आपलं ठरलं होतं ना?"

"ठरलं नव्हतं. तू सांगितलंस, मी ऐकलं."

तिनं एक कप माझ्या हातात दिला. असं मी कधी बोलत नसे. "ओके. मग आता नीट सांगते. मला तो वास सहन होत नाही गं. मळमळतं. रविवारी आम्ही आलो तर घरात पाऊल टाकताच मला कळलं. मला मैलावरून कळतो तो. लहानपणापासून. आमच्याकडे नाहीच ना कोणाला सवय. तुला करायचंच असेल तर दुसरीकडे बघ. मी काही लगेच जा म्हणत नाहीये. पण ह्या रविवारपर्यंत ठरव. लीज माझ्या नावावर आहे, एजंटला मला राहणाऱ्यांची नावं द्यायची आहेत."

रविवारपर्यंत. सेशन अर्ध्यावर, दोन असाइनमेंट डोक्यावर, आणि अख्ख्या गावात खोली नाही. सिडनीच्या गिरावीनला माझ्या चुलत भावाचा मित्र आहे म्हणे, तिथून रोज ट्रेननं यायचं तर माझं युनी तरी संपायचं नाहीतर मी.  आणि त्याच वेळी जिभेवर ती दुसरी गोष्ट आली, अगदी दातांपर्यंत आली. मैलावरून कळतो काय? शुक्रवारी वाटी धरून डोळे मिटतेस तेव्हा कुठे जातं तुझं नाक? एक वाक्य बोलले असते तर ती तिथेच कोसळली असती. बोलावंसं इतकं वाटलं की मी चहाचा घोट घेतला आणि जीभ भाजून घेतली. पण नाही बोलले. चांगुलपणा म्हणून नाही, उगाच मला देव्हाऱ्यात बसवू नका. शुभदा लहानपणापासून पाळत आलेली गोष्ट होती ती, आणि ती अजाणता मोडली होती. ती भांडणात फेकून मारायची वस्तू नव्हती. आणि दुसरं म्हणजे, मला ह्या कारणानं जिंकायचंच नव्हतं. तूही खाल्लंस म्हणून मला खाऊ दे, असं नको होतं मला. ते परत हात पसरणंच झालं. मला माझं खायचं होतं कारण ते माझं होतं.

"रविवारी सांगते," मी म्हटलं, आणि तिचा चहा पिऊन टाकला. चहा चांगला करते ती.

संध्याकाळी आईचा फोन आला. मी नेहमीसारखी उठले, दारापर्यंत गेले, आणि परत येऊन हॉलमध्येच सोफ्यावर बसले. मेधा समोर लॅपटॉप घेऊन होती. "काय गो, जेवलंस?" आईनं विचारलं. मी सगळं सांगितलं, आमच्या बोलीत, मोठ्यानं. चार-पाच वर्षांनी लोकांसमोर ती बोली माझ्या तोंडात आधी अडखळली, मग सुटली. आई ऐकून घेऊन म्हणाली, "वास येता तर येवंदे. आपण काय चोरी केली हा?" मग लगेच तिनं विचारलं की तिकडची मासळी खारवलेली असते की नुसती उन्हात सुकवलेली. तिच्या लेखी मुख्य प्रश्न तोच होता. मी म्हटलं, आधी उकडतात मग सुकवतात. "मरांदे, मग चव काय रवतली!" असं म्हणून तिनं जपान्यांचा विषय संपवला. मेधा लॅपटॉपमागून हसली. म्हणाली, "तू अशी बोलतेस? किती मस्त वाटतं. कधी ऐकलंच नाही." मी म्हटलं, आता ऐकशील.

शुक्रवारी आम्ही तिघी गेलो. मला कोणी नको म्हटलं नाही, शुभदा तशी नाही, रविवारपर्यंत ती माझ्याशी चांगलीच वागणार होती. तिनं ट्रे आणला, वाटीवरचं झाकण काढलं, वाफ तिच्या चष्म्यावर आली. मी तिच्या मनगटावर हात ठेवला.

"शुभदा, ते पिऊ नकोस."

"का? गरम आहे?"

"त्यात मासळी आहे. तुकडे नाहीत, पाणीच मासळीचं आहे. मी घरी केलं ते हेच. मला रविवारी कळलं."

 तिनं चष्मा पुसला, परत घातला. "काहीही काय? पाकिटाचा राग आहे ना हा? मला बोल ना सरळ. सुपाला कशाला मध्ये आणतेस?"

"जाऊन विचार."

ती वाटी घेऊन गेली. मी तिच्या मागे गेले नाही. काउंटरवरची सोनेरी केसांची बाई कान पुढे करून ऐकत होती, मग तिचा आवाज आमच्यापर्यंत आला, मोठा आणि प्रेमळ. "येह, फिश स्टॉक, डार्ल. ऑलवेज हॅज बीन. यू ऑलराइट?" शुभदा परत आली ती रिकाम्या हातांनी. बसली. मेधानं तिच्या पाठीवर हात ठेवला, तिनं तो काढला.  मग म्हणाली, "गेल्या महिन्यात संकष्टी शुक्रवारी आली होती. आपण हे पार्सल घेतलं होतं. मी चंद्र बघून ह्यावर उपास सोडला." तिचा आवाज फाटला. मला त्या क्षणी ती फार आवडली, हे विचित्र आहे पण खरं आहे. तिच्या दुःखात नाटक नव्हतं. मी म्हटलं, "तुला माहीत नव्हतं. देवाला तेवढी अक्कल असेल की नाही?" ती हसली नाही. आम्ही न जेवता निघालो, टेकडी चढून घरी आलो. दाराशी किल्ली लावताना ती माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, "मला वास आलाच नाही गं. इतके महिने. एकदाही नाही."

 

पण खोलीचं काही बदललं नाही, हेही सांगायला हवं. शनिवारी ती मला म्हणाली, अगदी दमलेल्या आवाजात, "चारुता, ते झालं ते झालं. पण आता तर मला घरात नकोच वाटतं. आता मला कशाचीच खात्री वाटत नाही. निदान किचन तरी..." मी तिला वाक्य पूर्ण करू दिलं नाही. म्हटलं, "मी जात नाहीये. एजंटला माझं नाव दे. काढायचं असेल तर तू काढ, पण मी आपणहून जायची नाही. आणि बिनवर, गॅरेजमध्ये, पायरीवर मी काही करणार नाही. जे करीन ते ओट्यावर करीन, झाकून नाही. तुझी भांडी वेगळी, माझी वेगळी, पुसून घासून सगळं मी करीन. तुला न सांगता तुझ्या ताटात काही पडणार नाही, हा माझा शब्द. फूडकोर्टानं तुला तेवढं कधी दिलं होतं का?"  ती तिच्या खोलीत गेली. त्याच संध्याकाळी मी डोकी काढलेली मासळी काचेच्या बरणीत पाण्यात घातली आणि फ्रिजच्या मधल्या फळीवर ठेवली, दार उघडलं की पहिली दिसेल अशी. वर कागद चिकटवला: सुकी मासळी, चारुताची. दुसऱ्या बरणीत कोंबूची पट्टी, न धुतलेली, पांढऱ्या भुकटीसकट.

रविवारी भरदुपारी मी दोन शेगड्या पेटवल्या. एकीवर माझं पातेलं, दुसरीवर शुभदाचं स्टीलचं, तिच्या आईनं नाव घालून दिलेलं, ज्यात आजवर दूध आणि वरण ह्यांशिवाय काही शिरलेलं नाही. कोंबूची पट्टी उकळीच्या आत बाहेर काढली. चमचे वेगळे, गाळण्या वेगळ्या, दोन्हीकडे टोफू, दोन्हीकडे पात, आणि मिसो, ती आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट, विरघळवायचा तो गॅस बंद करूनच. एकदाचं मला कळलंय की सगळ्याच गोष्टी खळखळून उकळायच्या नसतात. वास घरभर झाला. मेधा येऊन टेबलाशी बसली आणि म्हणाली, मला तुझ्यातलं दे, आणि हे मेधाचं मी ऐकलेलं पहिलं मत. मग शुभदा दारात आली. नाकाला हात नव्हता, पण चेहरा ओढलेला होता.

"माझं पातेलं का घेतलंस?"

"त्यात नुसतं शेवाळ आहे. मासे न खाणाऱ्यांसाठी तिकडे हेच करतात, देवळात सुद्धा. शेवाळाचं पाकीट ओट्यावर आहे, वाचून बघ."

"मी मागितलं नव्हतं."

"मीही तुला परवानगी मागितलेली नाही," मी म्हटलं, आणि माझा भात वाढून घेतला, उकडा, क्राउन स्ट्रीटवरून आणलेला. वर ते पाणी ओतलं. बसले. पहिला घास घेतला.

शुभदा देवाच्या फळीकडे गेली. तिथे उदबत्तीचा पुडा असतो. तिनं एक काढली, काडेपेटी घेतली. मला पाठीमागून तो आवाज ओळखीचा होता, काडी पेटीवर घासण्याआधीची ती खुडबुड. कोथरूडच्या खोलीत मीच केलेली. मी वळून बघितलं नाही. ताटातला हातही थांबवला नाही.

"उदबत्ती नको, शुभदा," मी म्हटलं. "मी जेवतेय."

खुडबुड थांबली.  मग तिनं उदबत्ती पुड्यात परत घातली, ओट्यापाशी आली आणि आपल्या पातेल्यावरचं झाकण उचलून आत वाकून हुंगलं.